वॉशबर्न कोण होता, आणि त्याची पिठाची गिरणी उडाली कशी?

प्रश्न असा आहे: पिठाच्या गिरण्यांतल्या सुरक्षेच्या प्रशिक्षणात १८७८ सालच्या ‘वॉशबर्न स्फोटा’चं नाव हमखास निघतं. हा वॉशबर्न कोण? तो म्हणे अमेरिकेतल्या एका राज्याचा गव्हर्नरही होता. मग एवढ्या जाणत्या माणसाची गिरणी उडाली कशी, आणि दोष त्याचा होता का?

माझी हयात रोलर फ्लोअर मिलमध्ये गेली. पाळीत मिलर म्हणून उभा राहिलो, पुढे उत्पादन आणि सुरक्षा दोन्ही सांभाळली. म्हणून मी गिरणीच्या बाजूने उत्तर देतो. पण माणूस समजल्याशिवाय स्फोट नीट समजत नाही, तेव्हा आधी त्याच्याबद्दल.

एक गैरसमज आधी दूर करू. स्फोट झाला मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिस शहरात, त्यामुळे बरेच जण वॉशबर्नला मिनेसोटाचा गव्हर्नर समजतात. तो शेजारच्या विस्कॉन्सिनचा गव्हर्नर होता, १८७२ ते १८७४. स्फोट झाला तेव्हा मिनेसोटाचे गव्हर्नर होते जॉन पिल्सबरी. तेही मूळचे व्यापारी, आणि प्रतिस्पर्धी पिल्सबरी गिरण्यांमधले भागीदार. एकाच धबधब्यावर पोसलेल्या दोन गिरणी-घराण्यांमधून दोन राज्यांना गव्हर्नर मिळाले, इतकं तेव्हा पिठाचं वजन होतं.

कॅडवॉलडर कोल्डन वॉशबर्नचा जन्म २२ एप्रिल १८१८ चा, मेन राज्यातल्या लिव्हरमोर गावचा. वडिलांचं दुकान होतं, ते १८२९ मध्ये बुडालं. घरात पोरांची मोठी रांग, त्यामुळे मुलं लवकर बाहेर पडली. थोरला इस्रायल पुढे मेनचा गव्हर्नर झाला, एलिहू इलिनॉयमधून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, गेला आणि नंतर फ्रान्समध्ये अमेरिकेचा राजदूत होता, धाकटा विल्यम मिनेसोटातून सिनेटर झाला. इस्रायल, एलिहू आणि कॅडवॉलडर हे तिघे भाऊ तर एकाच वेळी तीन वेगवेगळ्या राज्यांतून प्रतिनिधीगृहात बसले होते.

कॅडवॉलडर १८३९ मध्ये पश्चिमेकडे निघाला. आयोवात शाळा शिकवली, दुकानात काम केलं, जमिनीची मोजणी केली, मग इलिनॉयमध्ये वकिलीचा अभ्यास केला. १८४२ मध्ये तो विस्कॉन्सिनच्या मिनरल पॉइंट या शिशाच्या खाणींच्या गावात वकील म्हणून बसला. पण त्याचा खरा पैसा वकिलीतून आला नाही, जमिनीतून आला. १८४४ मध्ये त्याने सायरस वुडमनबरोबर भागीदारी केली. मेक्सिकोच्या युद्धातून परतलेल्या सैनिकांना सरकारने जमिनीचे हक्कपत्र दिले होते. बऱ्याच जणांना शेती करायची नव्हती, ते हक्कपत्र विकून मोकळे होत. या दोघांनी असे हक्कपत्र घेतले आणि त्यावर पाइनची जंगलं, खनिजाच्या जमिनी, शेतजमिनी ताब्यात घेतल्या. पुढे बँकही काढली. १८५५ मध्ये भागीदारी मोडली तेव्हा बँकेची देणी चुकती करून ती बंद केली. त्या काळी पश्चिमेकडच्या बँका लोकांच्या नोटा हातात ठेवून गायब होत असत, त्यामुळे या गोष्टीचं त्याला नाव मिळालं आणि राजकारणात ते कामाला आलं.

राजकारण आणि युद्ध मी थोडक्यात उरकतो. १८५५ ते १८६१ तो काँग्रेसमध्ये होता, गुलामगिरीविरोधी रिपब्लिकन म्हणून. गुलामगिरी पाळणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांना शांत करण्यासाठी गुलामगिरीला घटनेचं कायमचं संरक्षण देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा समितीत बसून त्याने त्याविरुद्ध मत नोंदवलं. यादवी युद्धात घोडदळाचा कर्नल म्हणून गेला आणि वर्षाच्या आत मेजर जनरल झाला; व्हिक्सबर्गच्या मोहिमेत होता. ऑगस्ट १८६४ मध्ये मेम्फिसला त्याच्या मुक्कामावर फॉरेस्ट या दक्षिणेच्या सेनानीने पहाटे छापा घातला आणि वॉशबर्नला रात्रीच्या कपड्यांवर किल्ल्याकडे पळावं लागलं. त्याचा गणवेश शत्रूच्या हाती पडला, तो फॉरेस्टने नंतर परत पाठवला.

आता धबधबा. मिसिसिपी नदीवर मिनिआपोलिसला सेंट अँथनी नावाचा धबधबा आहे. वॉशबर्नने १८५० च्या दशकातच तिथल्या पश्चिम काठाच्या पाण्याचे हक्क असलेल्या मिनिआपोलिस मिल कंपनीत पैसे घातले. ही कंपनी पीठ दळत नव्हती. ती धरण आणि कालवा बांधायची आणि पाण्याची ताकद गिरण्यांना भाड्याने द्यायची. म्हणजे मूळचा तो जमीनदाराच्या डोक्याचाच माणूस: आधी जागा, मग पाणी, मग त्यावर इतरांचा धंदा. १८६६ मध्ये त्याने स्वतःची गिरणी बांधली, खर्च सुमारे १ लाख डॉलर. गावाने तिला ‘वॉशबर्नचा मूर्खपणा’ असं नाव ठेवलं, कारण एवढं पीठ घेणार कोण, हा प्रश्न होता. ती त्याने इतरांना चालवायला दिली. स्वतः तो कधी मिलर नव्हता, तिथे राहतही नव्हता. स्फोटाचा विचार करताना हे लक्षात ठेवा.

मिनेसोटा आणि डाकोटात गहू वसंतात पेरला जाई, कारण तिथल्या हिवाळ्यात हिवाळी गहू टिकत नसे. हा गहू कडक आणि लाल. त्यात ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन, भरपूर, पण कोंडा ठिसूळ. जुन्या पद्धतीत दगडाची जाती जवळजवळ घासून, जोरात फिरवून एकदाच दळत. मऊ हिवाळी गव्हाचं त्यात चांगलं पांढरं पीठ निघतं. कडक गव्हाचा कोंडा मात्र चुरा होऊन पिठात मिसळतो आणि पीठ काळपट दिसतं. शिवाय दाण्यातला सगळ्यात ग्लुटेनयुक्त भाग पीठ न होता भरड राहतो. या भरडीला आपण रवा म्हणतो. त्यात कोंड्याचे कण असल्यामुळे ती स्वस्तात जाई. म्हणजे दाण्याचा उत्तम भाग कवडीमोलाने विकला जात होता.

इलाज सापडला तो प्युरिफायरमध्ये. जॉर्ज ख्रिश्चन हा वॉशबर्नच्या गिरणीचा चालक. त्याने १८७० च्या सुमारास एडमंड ला क्रॉ या फ्रेंच वंशाच्या कारागिराला हाताशी धरून हे यंत्र बसवलं. प्युरिफायर मी रोज पाहिलेलं यंत्र आहे, म्हणून जरा जवळून सांगतो. एक लांबट, हलणारी चाळण असते, रेशमी किंवा नायलॉनच्या कापडाची. वरून भरड येते, खालून हवा वर ओढली जाते. हवा बरोबर लागली की भरडीचा थर चाळणीवर किंचित उचललेला दिसतो. जड, स्वच्छ रव्याचे दाणे खाली बसून आरपार जातात आणि कोंड्याची हलकी पापुद्री वर तरंगत पुढे सरकते. हवा थोडी जास्त झाली तर चांगला रवाही उडून जातो, कमी झाली तर कोंडा खाली उतरतो. मिलर काच उघडतो, तळहातावर माल घेतो, बोटाने पसरून ठिपके बघतो आणि झडप केसभर फिरवतो. चालू मालाचा रंग मोजणारी यंत्रं आली तरी हे हातावर माल बघणं सुटलेलं नाही. रवा स्वच्छ केला आणि पुन्हा दळला की जगातलं उत्तम पावाचं पीठ निघतं. जाती थोडी वर धरून, टप्प्याटप्प्याने दळायची ही पद्धत आली आणि मिनेसोटाचा नाकारलेला गहू हिवाळी गव्हापेक्षा महाग विकला जाऊ लागला. १८७४ मध्ये वॉशबर्नने सात मजली ‘ए’ गिरणी उभी केली, ती याच तंत्राच्या जोरावर.

पण ही ओढलेली हवा जाते कुठे? धुळीच्या खोल्यांमध्ये. त्या काळी प्युरिफायरची हवा सरळ अशा खोल्यांत सोडत आणि बारीक पीठ तिथे आपोआप बसेल अशी व्यवस्था ठेवत. हवेतली धूळ कापडाने गाळणारे बॅग फिल्टर नव्हते, हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणारे सायक्लोन नव्हते. जुन्या गिरणीत धूळ होतीच, पण नव्या पद्धतीने गिरणीत मुद्दाम हवा खेळवली आणि त्या हवेत सुकं, अतिशय बारीक पीठ भरलं. नफ्याचं तंत्र आणि स्फोटाचं कारण एकाच यंत्रातून आलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला कळीचा मुद्दा हाच आहे, आणि प्रशिक्षणांत तो क्वचितच सांगितला जातो.

याच वर्षांत तो गव्हर्नर होता. त्या कारकिर्दीतली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १८७२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये ग्रॅहम कायदा झाला आणि वॉशबर्नने त्यावर सही केली. दारू विकणाऱ्याला २००० डॉलरचा जामीन ठेवावा लागे, आणि त्याच्या दुकानात पिऊन कुणी नुकसान केलं तर भरपाईची जबाबदारी विकणाऱ्यावर येई. राज्यातले जर्मन मतदार, ज्यांच्या घरी रविवारची बिअर ही साधी गोष्ट होती, भयंकर चिडले. शिवाय वॉशबर्न रेल्वे कंपन्यांच्या दरांवर सरकारी लगाम हवा म्हणत होता. काँग्रेसमध्ये असताना त्याने तारसेवा सरकारी टपालाकडे द्यावी अशीही मागणी लावून धरली होती. त्यात १८७३ च्या शरद ऋतूत आर्थिक हाहाकार उडाला. त्या वर्षीच्या निवडणुकीत विल्यम टेलरने त्याला हरवलं. रेल्वेच्या दरांवर बंधनं घालणारा कायदा मग टेलरच्या काळात, १८७४ मध्ये झाला.

म्हणजे आपल्या धंद्यातून दुसऱ्याला झालेल्या हानीची भरपाई धंदेवाल्याने करावी, हे तत्त्व या माणसाला मान्य होतं आणि त्यासाठी त्याने सत्ताही पणाला लावली. गिरणीतल्या कामगाराला मात्र असं कुठलंच संरक्षण नव्हतं. कामगार भरपाईचा कायदा विस्कॉन्सिनमध्ये १९११ मध्ये आला, मिनेसोटात १९१३ मध्ये.

२ मे १८७८. संध्याकाळी सातच्या सुमारास दिवसपाळीचे लोक घरी गेले होते आणि ‘ए’ गिरणीत रात्रपाळीची १४ माणसं होती. स्फोट झाला आणि त्यातलं कुणीही वाचलं नाही. दगडी भिंती कोसळल्या, छप्पर उडालं, आग शेजारच्या गिरण्यांत शिरली आणि डायमंड आणि हंबोल्ट या गिरण्याही फुटल्या. एकूण १८ माणसं मेली. आवाज सेंट पॉलपर्यंत गेला. शहराच्या दळणक्षमतेचा मोठा हिस्सा एका संध्याकाळी नाहीसा झाला.

चौकशीत मिनेसोटा विद्यापीठाचे पेकहॅम आणि पेक हे दोन प्राध्यापक होते. पेकने बंद खोक्यात दिवा ठेवून त्यात भात्याने पिठाची धूळ फुंकली आणि खोक्याचं झाकण, वर माणसं उभी असताना, उचलून दाखवलं. पीठ असं फुटू शकतं हे लोकांना तेव्हा पटलं. निष्कर्ष असा की एखाद्या जात्यात पडणारं धान्य थांबलं, जातं सुकं फिरलं, दगडावर दगड घासून ठिणगी पडली आणि तिने धूळ पेटवली. आमच्या भाषेत ‘फीड तुटलं’. आज जात्यांच्या जागी आलेले लोखंडी रोल रिकामे चालू नयेत म्हणून फीड थांबलं की रोल आपोआप अलग होतात. ते तुम्ही मिलमध्ये पाहिलं असेल. त्याचं मूळ कारण हे.

पहिला स्फोट बहुधा एका यंत्रात किंवा खोलीत होतो आणि तो फार मोठा नसतो. इमारत पडते ती दुसऱ्या स्फोटाने. पहिल्या धक्क्याने तुळयांवर, पाइपांवर, पट्ट्यांच्या आडोशाला साचलेलं पीठ हवेत उडतं आणि पेटतं. साधा हिशोब करा. मोकळ्या पिठाचं वजन घनमीटरला ५०० किलो धरलं, तर १ मिलिमीटर थरात दर चौरस मीटरला ५०० ग्रॅम पीठ असतं. खोली ५ मीटर उंच असेल, तर तो थर उडाल्यावर हवेत घनमीटरला १०० ग्रॅम धूळ होते. पिठाच्या धुळीच्या स्फोटाला ५० ग्रॅमच्या आसपास पुरतात. फरशीवर १ मिलिमीटर पीठ म्हणजे बोटाने रेघ ओढली तर दिसेल एवढंच. ‘ए’ गिरणी चार वर्षं चालली होती, आणि तिच्या तुळयांवर किती साचलं असेल ते यावरून ओळखा. म्हणून मिलमध्ये साफसफाईसाठी हवा मारू नका असं मी ओरडून सांगतो. हवा मारल्याने धूळ जात नाही, ती फक्त स्फोटाच्या जागेवर येते. झाडू हळू मारा, नाहीतर या कामासाठीचा व्हॅक्यूम वापरा.

आता दोषाचं. ‘त्या काळी कुणाला माहीतच नव्हतं’ हे उत्तर मला मान्य नाही. पिठाच्या धुळीचा स्फोट १७८५ मध्ये इटलीतल्या तुरिनच्या एका बेकरीत झाला होता आणि मोरोझो नावाच्या सरदाराने तो लिहून ठेवला होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ग्लासगोची ट्रेडस्टन गिरणी. जुलै १८७२ मध्ये ती अशीच उडाली, तिथेही १८ माणसं मेली, आणि रँकिन आणि मॅकॅडम या दोन शास्त्रज्ञांनी सुकं फिरलेलं जातं आणि धूळ हेच कारण नोंदवलं. ‘ए’ गिरणी त्यानंतर दोन वर्षांनी बांधली गेली. ज्ञान होतं, पण ते बांधणाऱ्यापर्यंत, चालकापर्यंत आणि जात्यापाशी उभ्या माणसापर्यंत आलं नाही. वॉशबर्नने एकट्याने काही लपवलं, असं मी म्हणणार नाही. पण ज्याच्या नावावर गिरणी, पाणी आणि नफा, त्याने आपल्या नव्या यंत्राची हवा कुठे जाते हे विचारायला हवं होतं. दूरवरच्या मालकाला हिशोबाची वही दिसते, धुळीची खोली दिसत नाही. माझं मत विचाराल तर हा दोष त्याचा आहे, आणि आजही असे मालक आहेत.

पुढे त्याने जे केलं ते मात्र मी आदराने सांगतो. तो हटला नाही. लगेच मोठी गिरणी बांधायची ठरवली, आणि जुन्याची नक्कल केली नाही. व्हिएन्नाचा विल्यम डे ला बार हा इंजिनिअर जात्यांची धूळ ओढून घेणारं यंत्र विकायला आला होता. वॉशबर्नने यंत्र घेतलं आणि माणूसही ठेवून घेतला. नंतर त्याला हंगेरीतल्या रोलर गिरण्या पाहायला पाठवलं. तिथल्या गिरणीत तो मजूर बनून शिरला आणि रात्री पाहून घेतलं, असं सांगतात. मिलवॉकीच्या विल्यम ग्रेने वॉशबर्नच्याच एका गिरणीत रोलरचा छोटा प्रायोगिक संच बसवला. लोखंडी रोलर दाणा हळूहळू उघडतात, कोंडा मोठा राहतो, माल गरम होत नाही, आणि जात्याला पुन:पुन्हा टाकी लावायची कटकट संपते. नवी ‘ए’ गिरणी १८८० मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी सिनसिनाटीच्या प्रदर्शनात त्यांच्या पिठाला सुवर्णपदक मिळालं आणि ‘गोल्ड मेडल’ हे नाव पिशवीवर चढलं. त्याआधीच विल्यम डनवुडी इंग्लंडला जाऊन पीठ थेट विकायची सोय करून आला होता. १८७७ पासून जॉन क्रॉस्बी भागीदार होता. त्यातून वॉशबर्न-क्रॉस्बी कंपनी आणि १९२८ मध्ये जनरल मिल्स उभी राहिली. या जनरल मिल्सने २००१ मध्ये पिल्सबरी विकत घेतली, म्हणून आपल्या वाण्याकडे दिसलेल्या पिल्सबरी आट्याच्या पिशवीचा धागा या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांपर्यंत जातो.

घरचं आयुष्य त्याला लाभलं नाही. दुसऱ्या मुलीच्या जन्मानंतर पत्नी जेनेटला मानसिक आजार झाला आणि तिचं उरलेलं आयुष्य संस्थांत गेलं. त्याने पैसा मात्र विचार करून दिला. विस्कॉन्सिन विद्यापीठाला वेधशाळा बांधून दिली. तिची दुर्बीण १५.६ इंची, हार्वर्डच्या १५ इंचीपेक्षा किंचित मोठी, आणि तशी असावी हा त्याचाच आग्रह. मॅडिसनमधलं आपलं एजवुडचं घर १८८१ मध्ये डोमिनिकन या ख्रिस्ती पंथाच्या जोगिणींना शाळेसाठी दिलं. त्याच सुमारास त्याला पक्षाघात झाला आणि मे १८८२ मध्ये आर्कन्सॉमधल्या युरेका स्प्रिंग्ज इथे तो वारला. मृत्युपत्रात मिनिआपोलिसमध्ये अनाथाश्रमासाठी ३ लाख ७५ हजार डॉलर होते, आईच्या स्मरणार्थ, आणि ला क्रॉस गावाच्या वाचनालयासाठी ५० हजार. काही जण म्हणतात की अनाथाश्रम स्फोटात मेलेल्यांच्या मुलांसाठी होता. मृत्युपत्र आईचं नाव घेतं, म्हणून मी तेवढंच सांगतो. आश्रम १८८६ मध्ये उघडला, आणि मुलाचा रंग किंवा धर्म बघून त्याला नाकारायचं नाही अशी अट होती.

ती ‘ए’ गिरणी १९६५ मध्ये बंद पडली आणि १९९१ मध्ये जळाली. उरलेल्या भिंतींत २००३ पासून मिल सिटी म्युझियम आहे. कधी मिनिआपोलिसला गेलात तर अर्धा दिवस काढा. आणि तोवर आपल्या मिलमध्ये पाळी सुरू व्हायच्या आधी चार जागा बघा: प्युरिफायरची हवा जिथे जाते तो फिल्टर, धान्य वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या तळाचा भाग, रोलच्या बेअरिंगची उष्णता, आणि शिडी लावल्याशिवाय दिसत नाहीत त्या तुळयांच्या वरच्या कडा.